बॅकराच्या टेबलावर बसण्याआधी: कुठे लावायचं, किती लावायचं, कधी उठायचं

गोव्यात मांडवीतल्या कॅसिनो बोटीवर पहिल्यांदा गेलेला माणूस अंदर-बाहर, तीन पत्ती अशी ओळखीची टेबलं शोधतो आणि बॅकराचं टेबल लांबूनच बघून पुढे सरकतो. लाल-निळ्या गोलांनी भरलेला स्क्रीन, कागदावर काहीतरी टिपत बसलेली मंडळी हे सगळं बघून वाटतं, हा जाणकारांचा खेळ असणार. खरं तर कॅसिनोतल्या सगळ्यात सोप्या पत्त्यांच्या खेळांपैकी हा एक. पानांच्या बाबतीत तुम्हाला एकही निर्णय घ्यायचा नसतो. पान घ्यायचं की थांबायचं हे नियमाने ठरलेलं असतं आणि डीलर, म्हणजे पानं वाटणारा कॅसिनोचा माणूस, ते यंत्रासारखं पार पाडतो.

तुमच्या हातात तीनच गोष्टी राहतात: पैसे कुठे लावायचे, किती लावायचे आणि कधी उठायचं. पहिली गोष्ट दहा मिनिटांत शिकून होते. नवखे लोक तिच्यावरच सगळी बुद्धी खर्च करतात आणि त्यांचे पैसे जातात ते उरलेल्या दोन गोष्टींत. म्हणून या लेखात त्या दोन गोष्टींनाच जास्त जागा दिली आहे.

आधी कायद्याचं

गोव्यात बोटींवर आणि पंचतारांकित हॉटेलांत कॅसिनोला परवानगी आहे. वयाची अट 21 वर्षं. गोव्याच्या रहिवाशांना मात्र 1 फेब्रुवारी 2020 पासून कॅसिनोत खेळायला प्रवेश नाही. सिक्कीममध्येही परवानाधारक कॅसिनो आहेत. महाराष्ट्रात नाहीत. इथे 1976 साली कॅसिनोचा कायदा झाला होता, पण तो कधी अमलातच आला नाही आणि 2023 मध्ये रद्दही झाला. तेव्हा पुण्या-मुंबईत कुणी फार्महाऊसवर ‘कॅसिनो नाइट’ला पैसे लावून बोलावत असेल तर तो सरळ जुगाराचा अड्डा आहे.

मोबाईलवर ‘लाइव्ह डीलर बॅकरा’च्या जाहिराती येतात, त्यांच्या वाटेलाही जाऊ नका. 2025 च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली आहे. अशा अ‍ॅपवर जिंकलात आणि पैसे मिळाले नाहीत, तर दाद कुणाकडे मागणार?

पहिली पायरी: चिप्स घेताना कराचा हिशेब

बॅकराच्या इंग्रजी मार्गदर्शकांत हा भाग नसतो, आणि आपल्याकडे तर तोच सगळ्यात मोठा खर्च आहे. कॅसिनोत चिप्स, म्हणजे पैशांऐवजी टेबलावर लावायच्या चकत्या, घ्यायला तुम्ही जी रक्कम भरता त्या पूर्ण रकमेवर जीएसटी आहे. ऑक्टोबर 2023 पासून तो 28 टक्के होता, 22 सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के झाला. कर वरून लावला तर 10,000 च्या चिप्ससाठी 14,000 मोजावे लागतात. कर रकमेतच धरला तर तुमच्या 10,000 मधले चिप्सच्या वाट्याला साधारण 7,143 येतात. न खेळलेल्या चिप्स परत केल्या तरी तो कर कायद्याने परत मिळत नाही.

प्रत्येक कॅसिनो हे आपापल्या पद्धतीने मांडतो. प्रवेशाचं पॅकेज असतं, त्यात जेवण-पेय असतं, काही चिप्सही असतात. पॅकेजमधल्या चिप्स बहुधा एकदाच लावता येतात आणि रोखीत बदलून मिळत नाहीत. म्हणून कॅश काउंटरवर पैसे काढण्याआधी दोन सरळ प्रश्न विचारा: ‘एवढे पैसे दिले तर खेळायला किती किमतीच्या चिप्स मिळतील? आणि त्या तशाच परत आणल्या तर रोख किती मिळतील?’ विचारायला लाजू नका. काउंटरवरच्या लोकांना या प्रश्नांची सवय असते.

यातून एक पक्का नियम निघतो. चिप्स एकदाच घ्यायच्या. जिंकलेल्या चिप्स पुन्हा लावल्या तर त्यांच्यावर नव्याने जीएसटी लागत नाही, पण हरल्यावर पुन्हा काउंटरवर गेलात की पुन्हा 40 टक्के. बँकर आणि प्लेअर या खेळातल्या दोन बाजू; यातल्या कुठल्या बाजूवर लावावं, यातला फरक टक्क्याच्या पाचव्या हिश्शाएवढाही नाही. त्यावर तासभर वाद घालणारा माणूस दुसऱ्यांदा चिप्स घ्यायला उठतो तेव्हा त्याचं सगळं गणित त्या काउंटरवरच संपलेलं असतं.

दुसरी पायरी: रक्कम घरूनच ठरवा

किती न्यायचं याचा आकडा बोटीवर ठरवायचा नाही. तो घरी, शांत डोक्याने, घरच्यांना सांगून ठरवायचा. नाटकाच्या तिकिटाचे पैसे आपण परत मागत नाही, तसेच हे पैसे गेले असं धरून चाला. हप्ता, फी, उसनवारी यातला एक रुपयाही त्यात नको. गेल्या वेळचे हरलेले पैसे काढायला म्हणून तर मुळीच जाऊ नका.

क्रेडिट कार्ड हॉटेलच्या खोलीत ठेवा. यूपीआयची रोजची मर्यादा अ‍ॅपमध्ये जाऊन आधीच कमी करा. चार मित्र जात असाल तर निघतानाच ठरवून टाका की रात्री कुणी कुणाला पैसे द्यायचे नाहीत. रात्री एक वाजता ‘अरे, दहा हजार टाक ना, सकाळी देतो’ असा प्रसंग आला तर त्या कबुलीमुळे नाही म्हणणं सोपं जातं आणि मैत्रीही टिकते.

तिसरी पायरी: खेळ समजून घ्या

टेबलावर दोन बाजू असतात, प्लेअर आणि बँकर. ही नुसती नावं आहेत. प्लेअर म्हणजे तुम्ही नव्हे आणि बँकर म्हणजे कॅसिनो नव्हे. तुम्ही कुठल्याही बाजूवर लावू शकता. दोन्हीकडे बरोबरी होईल असं वाटलं तर टायवर.

एक्क्याचा 1, दुरीपासून नव्वीपर्यंत त्या-त्या पानाचे तेवढे, दश्शी-गुलाम-राणी-राजा शून्य. बेरजेचा फक्त शेवटचा अंक धरायचा: सत्ती आणि अठ्ठी मिळून 15, म्हणजे 5. नऊच्या जवळ जाणारी बाजू जिंकते. पहिल्या दोन पानांतच कुणाचे 8 किंवा 9 झाले तर डाव तिथेच संपतो.

नाहीतर प्लेअरची बाजू 5 किंवा कमीवर तिसरं पान घेते, 6-7 वर थांबते. बँकरने पान घ्यायचं की नाही हे त्यानंतर त्याची स्वतःची बेरीज आणि प्लेअरचं तिसरं पान या दोन्हींवरून ठरतं. एक डाव बघा. प्लेअरला राणी आणि चव्वी, म्हणजे 4. बँकरला नव्वी आणि छक्की, 15 चे 5. प्लेअरला तिसरं पान तिर्री आलं, त्याचे झाले 7. आता बँकर 5 वर आहे आणि समोर 7 दिसताहेत. कुणीही म्हणेल, घे पान! पण बँकर 5 वर असताना प्लेअरचं तिसरं पान 4 ते 7 मधलं असेल तरच पान घेतो. इथे ते 3 आहे, म्हणून तो थांबतो आणि हरतो. नवख्याला हा अन्याय वाटतो. तो नुसता तक्ता आहे, आणि तो पाठ करायची तुम्हाला गरज नाही.

पैसे लावायची वेळ संपल्याचं डीलर सांगतो, त्यानंतर चिप्सना हात लावायचा नाही. छोट्या टेबलावर पानं डीलरच उलटतो. मोठ्या पैजेच्या टेबलांवर, विशेषतः चीनमधल्या मकाऊत, सगळ्यात जास्त लावणाऱ्याला पान हळूहळू कडेने उचलून बघायचा मान मिळतो. लांब कडेवर तीन ठिपके दिसले की छक्की, सत्ती किंवा अठ्ठी; चार दिसले की नव्वी किंवा दश्शी. सगळं टेबल श्वास रोखून बघत असतं. बघायला झकास वाटतं. पण पान शूमधून, म्हणजे पानं ठेवलेल्या पेटीतून, निघालं तेव्हाच निकाल ठरलेला असतो.

चौथी पायरी: कुठे लावायचं

आठ जोडांच्या, म्हणजे 416 पानांच्या शूमध्ये बँकर 45.86 टक्के डाव जिंकतो, प्लेअर 44.62 टक्के, आणि 9.52 टक्के डाव बरोबरीत सुटतात. बरोबरी झाली तर बँकर-प्लेअरवर लावलेले पैसे जसेच्या तसे परत मिळतात. बँकर थोडा पुढे राहतो, कारण तो प्लेअरचं पान बघून नंतर चालतो. त्याची भरपाई म्हणून बँकरवर जिंकल्यावर कॅसिनो 5 टक्के कमिशन कापतो: हजार लावले तर साडेनऊशे मिळतात. हे सगळं धरून लावलेल्या रकमेमागे कॅसिनोचा फायदा बँकरवर 1.06 टक्के, प्लेअरवर 1.24 टक्के. कॅसिनोतल्या इतर खेळांशी ताडून बघितलं तर दोन्ही आकडे चांगलेच कमी आहेत.

टायवर एकास आठ मिळतात, पण बरोबरी साधारण साडेदहा डावांत एकदा होते. तिथे कॅसिनोचा फायदा 14.36 टक्के. पहिली दोन पानं जोडी येईल या पैजेवर एकास अकरा देतात, तिथे 10 टक्क्यांहून जास्त. या दोन चौकोनांकडे बघायचंसुद्धा नाही.

‘नो कमिशन’ अशी पाटी असलेलं टेबल दिसलं तर हुरळून जाऊ नका. तिथे बँकर 6 वर जिंकला की निम्मेच पैसे देतात आणि कॅसिनोचा फायदा 1.46 टक्क्यांवर जातो. अशा टेबलावर प्लेअर बरा. बाकी ठिकाणी बँकर. कुठली बाजू घ्यायची, याची विद्या एवढीच.

कमिशन कधी कधी प्रत्येक डावाला कापत नाहीत, तुमच्या नावावर मांडून ठेवतात आणि शू संपल्यावर किंवा तुम्ही उठताना घेतात. तेवढ्या चिप्स बाजूला ठेवा. लहान रकमेवर कमिशन वरच्या आकड्यापर्यंत ओढतात का, तेही विचारून घ्या. 5 टक्क्यांचे 10 झाले तर बँकरवर लावण्यात काही फायदा उरला नाही.

पाचवी पायरी: स्क्रीनवरचे गोल

लाल गोल बँकरचा, निळा प्लेअरचा. त्याच निकालांवरून आणखी तीन-चार पट्टे तयार होतात आणि लोक त्यांत ‘रस्ता’ शोधत बसतात. लाल गोलांची लांब रांग लागली की टेबलावर गर्दी होते. कुणी म्हणतो बँकर तापलाय, कुणी म्हणतो आता प्लेअर यायलाच हवा. दोघंही तितक्याच खात्रीने बोलतात.

एका शूमध्ये साधारण 80 डाव होतात. निव्वळ योगायोगानेच दर शूमध्ये सरासरी एकदा तरी कुठल्या तरी बाजूची सहा किंवा जास्त डावांची सलग रांग लागते. ती लागली यात विशेष काही नाही, आणि ती चालू राहणार की तुटणार हे तिच्याकडे बघून कळत नाही. शूमधली पानं संपत जातात तशा शक्यता थोड्या हलतात, हे खरं. ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या खेळात पानं मोजून जिंकण्याचं गणित मांडणाऱ्या एडवर्ड थॉर्प यांनी 1960 च्या दशकात बॅकराचाही हिशेब केला होता. बँकर-प्लेअरच्या पैजेवर हाती लागण्यासारखं काही निघालं नाही.

कॅसिनो हा स्क्रीन स्वतःच्या खर्चाने लावतो, टिपायला कागद आणि पेन्सिलही फुकट देतो. तुम्हाला त्यात रमायला आवडत असेल तर जरूर रमा. फक्त गोल बघून पैज वाढवू नका.

सहावी पायरी: किती लावायचं

दर डावाला तेवढीच, सपाट पैज. खेळायला आणलेल्या चिप्सचा पंचविसावा भाग एका डावाला. 10,000 च्या चिप्स असतील तर 400. टेबलाची किमान पैज 1,000 असेल तर ते टेबल तुमचं नाही. दुसरं शोधा किंवा नुसतं बघा. एवढ्या प्रमाणात लावलंत तर तास-दीड तास सहसा पैसे संपत नाहीत, आणि एका वाईट रांगेने घाम फुटत नाही.

‘हरलं की दुप्पट लाव, एकदा जिंकलं की सगळं निघतं’ हा सल्ला तुम्हाला नक्की कुणीतरी देईल. तो आकड्यांत बघू. प्लेअरवर 500 पासून सुरुवात: 500, 1,000, 2,000, 4,000, 8,000, 16,000, 32,000. सलग सात हरलात तर 63,500 गेले आणि आठव्याला 64,000 लावायला हवेत. टेबलाची कमाल मर्यादा 50,000 असेल तर तेही शक्य नाही. बरोबरीचे डाव सोडले तर सलग सात हरण्याची शक्यता 116 मध्ये एक. म्हणजे सरासरी 115 वेळा 500 मिळून 57,500 येतात आणि एका फटक्यात 63,500 जातात. त्या 116 फेऱ्या व्हायला चार तासही लागत नाहीत.

बँकरवर दुप्पट करणाऱ्यांच्या लक्षात आणखी एक गोष्ट येत नाही. पाच वेळा हरून सहाव्याला 16,000 लावले आणि जिंकलात, तर कमिशन जाऊन 15,200 मिळतात. तोवर गेलेले असतात 15,500. जिंकूनही 300 रुपयांनी मागेच. जिंकल्यावर वाढवत जायच्या पद्धती आहेत, ठरावीक आकड्यांच्या माळा आहेत. त्यांनी फार तर चढ-उतारांचा आकार बदलतो. तोट्याच्या डावांची बेरीज कुठल्याही क्रमाने केली तरी तोटाच येतो.

सातवी पायरी: वेळ

छोट्या टेबलावर तासाला सहज 70 डाव होतात. प्रत्येक डावाला 1,000 बँकरवर लावले तर तासाचा सरासरी तोटा सुमारे 740 रुपये. चार तासांत 280 डाव, तोटा साधारण 2,970. पण त्याच चार तासांत नशिबाचा झोका दोन्हीकडे 15,000 हून मोठा असतो. म्हणून, कर बाजूला ठेवला तर, दहातले चार जण त्या रात्री जिंकून उठतात. घरी जाऊन सांगतात की माझी पद्धत चालते, आणि त्यांना खरंच तसं वाटत असतं. तसंच खेळून शंभर रात्री काढल्या तर शंभरातले जेमतेम तीन जण पुढे राहतात. नशिबाचा झोका हळू वाढतो, तोटा मात्र डावागणिक साचत जातो.

कॅसिनोला हे पक्कं ठाऊक असतं. अकिओ काशिवागी हा जपानी जमीन-व्यावसायिक बॅकरात एका डावाला 2 लाख डॉलर लावायचा. फेब्रुवारी 1990 मध्ये त्याने अ‍ॅटलांटिक सिटीच्या ट्रम्प प्लाझात सुमारे 60 लाख डॉलर जिंकले. कॅसिनोने जेस मार्कम या गणितज्ञाचा सल्ला घेतला. काशिवागी मे महिन्यात परत आला तेव्हा बोलणी अशी झाली: 1 कोटी 20 लाख डॉलर घेऊन बसायचं, आणि ते दुप्पट होईपर्यंत किंवा संपेपर्यंत उठायचं नाही. ना पानं बदलली, ना नियम. त्याला फक्त जास्तीत जास्त वेळ टेबलावर ठेवायचं होतं. खेळ थांबला तेव्हा तो सुमारे 1 कोटी डॉलर हरलेला होता.

तुम्ही याच्या नेमकं उलटं करा. बसण्याआधी मोबाईलवर दीड तासाचा गजर लावा. वाजला की चालू डाव पूर्ण करून उठा, मग जिंकत असा वा हरत. अधेमधे दोन-तीन डाव नुसते बघा. पैसे न लावता बसलं तर कुणी उठवत नाही, फार गर्दी असेल तेव्हा सोडून. जेवण पॅकेजमध्ये असतंच, ते निवांत जेवा. दारूही असते, पण खेळून झाल्यावर घ्या. दोन पेग झाल्यावर 400 ची पैज 2,000 वर कधी गेली हे कळतच नाही.

डोकं ताळ्यावर ठेवायचं म्हणजे काय

पैसे जाताना राग येतो तो हरल्याचा कमी आणि ‘मी बँकरवरच लावणार होतो’ याचा जास्त. बॅकरात ही टोचणी फार, कारण प्रत्येक डावात दुसरी बाजू समोर जिंकलेली दिसते. म्हणून बाजू बदलूच नका. बँकर तर बँकर, शेवटपर्यंत. मग चुकलो असं वाटायला जागाच उरत नाही.

जिंकताना वेगळा धोका असतो. वर आलेले पैसे कॅसिनोचे वाटू लागतात आणि पैज फुगते. ते पैसे तुमचे आहेत. मूळ रकमेइतक्या चिप्स वेगळ्या खिशात टाका, आणि टेबलावर पुन्हा काढू नका.

ठरवलेल्या रकमेच्या पलीकडे पुन्हा पुन्हा जात असाल, घरी आकडा लपवत असाल, हरलेलं भरून काढायला कर्ज काढावंसं वाटत असेल, तर वरच्या एकाही पायरीचा उपयोग नाही. जुगाराचं व्यसन हा वैद्यकशास्त्राने मान्य केलेला आजार आहे आणि त्यावर उपचार होतात. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, तिथे मराठीत बोलता येतं. घरातल्या दुसऱ्या कुणासाठीही फोन करता येतो.

उठताना

लहान चिप्सचा ढीग झाला असेल तर टेबलावरच डीलरकडून मोठ्या करून घ्या, मोजायला सोपं जातं. राहिलेलं कमिशन चुकतं करा. मग काउंटरवर सगळ्या चिप्स एकदम रोख करा. ‘उद्यासाठी’ खिशात ठेवलेल्या चिप्स त्याच रात्री परत टेबलावर जातात. फोटो असलेलं ओळखपत्र जवळ असू द्या आणि पावती मागून घ्या. जिंकलेल्या रकमेवर आयकर सरळ 30 टक्के, वर उपकर, आणि त्यातून हरलेली रक्कम वजा करता येत नाही. एका रात्री 20,000 जिंकलात आणि दुसऱ्या रात्री तेवढेच हरलात, तरी पहिल्या 20,000 वरचा कर देणं आहेच. ती पावती विवरणपत्र भरणाऱ्या तुमच्या सीएकडे द्या.